पाच नमुने

मी ऐरोलीच्या एका कंपनीत यूझर रिसर्च करतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत हे काम नेमके काय असते ते मला आजवर कोणालाच समजावता आलेले नाही. आईने आपल्यापुरता ‘तो लोकांना मोबाइल कसा वापरायचा ते विचारतो’ असा खुलासा तयार ठेवला आहे, आणि तो ऐकून शेजारी सहानुभूतीने ‘म्हणजे त्याला येत नाही का?’ असे विचारतात.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीने किराणा मागवण्याचे अ‍ॅप करायला घेतले आणि शुक्रवारपर्यंत पाच माणसांवर त्याची चाचणी घ्यावी, असा मला निरोप आला. पाच हा आकडा आमच्या धंद्यात पंचांगातल्या मुहूर्तासारखा मानला जातो. १९९३ साली जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी गणित मांडून दाखवले की सरासरीने एक माणूस एखाद्या रचनेतले ३१ टक्के दोष उघडे पाडतो, पुढच्याला त्यातले काही पुन्हा आणि काही नवे सापडतात, आणि पाचव्यापर्यंत सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात. हा हिशेब अ‍ॅप वापरताना होणाऱ्या अडचणी मोजण्यापुरता आहे, लोकांच्या सवयी समजून घेण्यासाठी नाही, हे मी आमच्या प्रॉडक्ट मॅनेजर बाईंना दोनदा सांगितले. त्यांनी त्यातला ‘पाच’ एवढाच शब्द ऐकला, कारण तो बजेटमध्ये बसत होता.

ओळखीच्या माणसांना चाचणीत घेऊ नये, कारण ती आपली भीड धरतात, असा नियम आहे. वेळ नसल्यामुळे मी तो मोडला. संध्याकाळी घरी येऊन आईला म्हटले, ‘मला पाच नमुने हवेत.’ ती म्हणाली, ‘पाचच? अरे, आपल्या बिल्डिंगमध्ये अठरा बिऱ्हाडं आहेत.’

पहिली मुलाखत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची होती. मुलाखतीत भविष्याबद्दल विचारायचे नसते, कारण ‘असे अ‍ॅप असले तर वापराल का?’ या प्रश्नाला समोरचा माणूस केवळ सभ्यपणापोटी ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी घडून गेलेला प्रसंग सांगायला लावायचा. त्याप्रमाणे मी ‘शेवटचा किराणा कधी आणि कसा मागवलात?’ असे विचारले. काकू म्हणाल्या, ‘मंगळवारी. नाही, बुधवारी, मंगळवारी पाणी नव्हतं.’ तेथून त्या पाण्याच्या टाकीकडे, टाकीवरून सोसायटीच्या चिटणीसांकडे, आणि चिटणीसांवरून डोंबिवलीच्या नणंदेच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेकडे गेल्या. चाळीस मिनिटांनी त्या किराण्यावर परतल्या, तेव्हा मात्र त्यांनी एक वाक्य असे सांगितले की माझा पेन आपोआप थांबला. काकू वाण्याला फोन करून फक्त ‘नेहमीचं पाठव, आणि पोहे मागच्या खेपेसारखे नकोत’ एवढेच म्हणतात. आमच्या अ‍ॅपमध्ये पोह्यांचे अकरा प्रकार होते. ‘मागच्या खेपेसारखे नकोत’ हा प्रकार नव्हता.

आमच्या शास्त्रात मौनालाही फार मान आहे. प्रश्न विचारल्यावर संशोधकाने गप्प राहावे, ती शांतता असह्य होऊन समोरचा माणूस मनातले बोलू लागतो, असे शिकवतात. हे तंत्र ज्यांनी शोधले त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवलेली नसावी. नौपाड्यात पाहुणा गप्प बसला तर त्याचा अर्थ बशी रिकामी झाली असा घेतला जातो, आणि मी प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नानंतर मौन धरत गेल्यामुळे निघेपर्यंत माझ्या पोटात तीन बशा पोहे आणि एक रव्याचा लाडू गेला होता. वेळ दिल्याबद्दल मी पाचशे रुपयांचे कूपन पुढे केले, तर ‘शेजाऱ्यांकडून पैसे घेऊ का रे?’ असे म्हणून त्यांनी ते परत केले आणि वर आईसाठी लाडवांचा डबा दिला. मोबदला उलट दिशेने वाहिल्यास तो हिशेबात कुठे दाखवायचा, हे मला कोणी शिकवलेले नव्हते.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे कार्ड सॉर्टिंग ठेवले होते. या पद्धतीत एकेका वस्तूचे नाव लिहिलेली कार्डे माणसाच्या हाती द्यायची, त्याने ती आपल्या मनाप्रमाणे गटांत लावायची आणि गटांना नावेही स्वतःच द्यायची; अ‍ॅपमधली दालने कशी पाडावीत ते त्यावरून ठरते. मी चाळीस कार्डे दिली. आजींनी चष्मा पुसला, पत्ते पिसावेत तशी ती पिसली आणि पाच मिनिटांत चार गठ्ठे केले: ‘उपासाला चालतं’, ‘चातुर्मासात घरात नको’, ‘पाहुणे आले की’ आणि ‘मुंग्या लागणारं’. ओट्सचे कार्ड त्यांनी दोन बोटांत धरून टेबलाच्या अगदी कडेला ठेवले आणि म्हणाल्या, ‘हे सुनेचं.’

सूनबाई स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी कोथिंबिरीचे कार्ड उचलून उपासाच्या गठ्ठ्यात टाकले. आजींनी ते काढले. सूनबाईंनी ते पुन्हा टाकले, कारण त्यांच्या माहेरी, म्हणजे नाशिकला, उपासाला कोथिंबीर चालते. जिऱ्यावर दोघींचे एकमत होते आणि मोहरीवर वाद नव्हता. पण कोथिंबीर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा गेली. संशोधकाने यात पडायचे नसते. शेवटी आजींनी मलाच विचारले, ‘तुमच्याकडे चालते का रे?’ अशा वेळी प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर द्यावे, असा संकेत असल्यामुळे मी नम्रपणे म्हणालो, ‘तुम्हाला काय वाटतं, आजी?’ ‘मी विचारतेय तर उलट मलाच विचारतोस?’ असे म्हणून त्यांनी आईच्या संस्कारांबद्दल एक छोटे विधान केले, जे मी नोंदवहीत घेतले नाही.

गंमत अशी की चार दिवसांतला सगळ्यात मोलाचा ऐवज मला त्याच टेबलावर मिळाला. आमच्या अ‍ॅपमध्ये साबुदाणा ‘स्टेपल्स’मध्ये होता, शेंगदाणे ‘ड्रायफ्रूट्स’मध्ये आणि वरी ‘मिलेट्स’मध्ये, म्हणजे आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री त्या घराला तीन दालने हिंडावी लागली असती. आम्ही वस्तू कशाची आहे हे पाहत होतो आणि आजी ती कोणत्या दिवसाची आहे हे पाहत होत्या.

तळमजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्यासाठी मी कागदी अ‍ॅप नेले होते: प्रत्येक पडदा वेगळ्या कागदावर काढलेला, माणसाने बोट लावले की आपण पुढचा कागद सरकवायचा. ठाण्यात मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणे अमानुष आहे, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला आमचे पेमेंटचे पान उडून दिवाणाखाली गेले. काकांनी ते काठीने ओढून काढले, त्यावर अडकित्ता ठेवला आणि म्हणाले, ‘हं, आता व्यवहार सुरक्षित आहे.’

त्यांनी मनात येईल ते मोठ्याने बोलत अ‍ॅप वापरायचे होते. ही थिंक अलाउड पद्धत १९८२ मध्ये आयबीएमच्या क्लेटन लुइस यांनी अशा चाचण्यांसाठी मांडली. काका मोठ्याने बोलले, याबद्दल माझी तक्रार नाही. व्याजदरांवर, पदपथांवर आणि जांभळी नाक्यावरच्या गर्दीवर ते सलग बोलले. अ‍ॅपमध्ये मात्र चुकीच्या ठिकाणी बोट पडले की आवाज एकदम खाली यायचा आणि ते पुटपुटायचे, ‘माझंच चुकलं. चष्मा बदलायला हवा.’ बटणाचा रंग आणि त्यावरच्या अक्षरांचा रंग जवळजवळ सारखाच होता, ही चूक सर्वस्वी आमची होती. तरी ‘माझंच चुकलं’ असे त्यांनी सात वेळा म्हटले. मी सात खुणा केल्या, आणि प्रत्येक खूण करताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

चौथा नमुना कॉलेजातला मुलगा. त्याने चार मिनिटांत सगळे उरकले, एकही दोष काढला नाही, आणि त्याने आयुष्यात कधी तूरडाळ विकत घेतलेली नाही हे पाचव्या मिनिटाला उघड झाले.

पाचवा आमचा वाणी. त्याला काही विचारायचे नव्हते, फक्त कोपऱ्यात उभे राहून दुकानातला व्यवहार पाहायचा होता. कोणी पाहत आहे एवढ्यानेच माणूस वेगळा वागू लागतो, या गोष्टीला शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याचे नाव चिकटले आहे. तिथले प्रयोग १९२४ मध्ये सुरू झाले आणि त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. ज्यांना शंका असेल त्यांनी आमच्या वाण्याकडे यावे. लहानपणापासून मला ‘बाळ्या’ म्हणणाऱ्या त्या माणसाने माझ्या हातात वही पाहताच ‘साहेब’ म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात तीन गिऱ्हाइकांना न मागता छापील पावती दिली.

गुरुवारी रात्री मी पुन्हा काकूंकडे गेलो, कारण त्यांच्याकडून कागदी अ‍ॅप वापरून घेणे आणि ते वापरायला किती सोपे वाटले त्याचे गुणपत्रक भरून घेणे राहिले होते. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेल्या या प्रश्नावलीत दहा विधाने असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे असतात. त्यातली खोच अशी की एक विधान स्तुतीचे, तर पुढचे निंदेचे असते. काकूंनी विधाने वाचण्याच्या भानगडीत न पडता सगळीकडे पाचावर गोल केला. ‘हे अ‍ॅप विनाकारण गुंतागुंतीचे वाटले’, यालाही पाच. ‘तुझ्या कामाला मी कमी का देईन?’ असे त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोरच हिशेब केला. स्तुतीच्या विधानांचे गुण एक वजा करून धरायचे, निंदेचे पाचातून वजा करायचे, आणि बेरजेला अडीचने गुणायचे. वीस अधिक शून्य, गुणिले अडीच: शंभरपैकी पन्नास.

‘पन्नास?’ काकू उठून बसल्या. ‘आणि चांगले किती धरतात?’

‘सरासरी अडुसष्ट मानतात.’

‘अरे देवा, मग साहेब तुला बोलतील. आण तो कागद इकडे.’ त्यांनी चष्मा लावला, फ्रिजवरचे खोडरबर आणि पेन्सिल घेतली, आणि माझ्या विरोधाकडे दुर्लक्ष करून निंदेची विधाने एकेक करून वाचायला सुरुवात केली. ‘बहात्तर करू या,’ त्या म्हणाल्या. ‘फार दिले तर त्यांना संशय येईल.’