जपानी वेखंडाच्या रोपांबद्दलच्या आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार,

आमच्या नर्सरीतून नेलेली जपानी वेखंडाची चार रोपे फिशटँकमध्ये लावल्यावर दीड महिन्यात सडली, आणि आम्ही ‘बागेतले गवत पाण्यातले म्हणून खपवतो’, असे आपण लिहिले आहे. यातील पहिली गोष्ट आमच्याच चुकीमुळे घडली. त्या रोपांच्या ट्रेवर ‘तळे व फिशटँकसाठी’ अशी पाटी होती. तिच्यावर फिशटँक हा शब्द असायलाच नको होता.

चीन-जपानकडे हे झाड ओढ्याच्या काठी वाढते, म्हणजे गड्डा ओल्यात आणि पाती हवेत. हवेतच श्वास घेणारी ही पाती पूर्ण पाण्याखाली गेली की झाड गड्ड्यातल्या साठ्यावर तग धरते, आणि त्याची वाढ मुळातच इतकी सावकाश की पहिले काही आठवडे काही बिघडले आहे हे आमच्यासारख्यांच्याही लक्षात येत नाही. मग पाती पिवळी पडतात आणि बुडाशी बुळबुळीत होतात. त्याला थंड पाणी मानवते, त्यामुळे हीटर लावलेल्या टाकीत ते आणखी लवकर खचते. आपल्या निगराणीत काही कमी पडले, असे मला वाटत नाही.

‘गवत’ हा आक्षेप मात्र मान्य करता येणार नाही. बाळगुटीत उगाळतात त्या वेखंडाचे हे ठेंगणे भावंड आहे, गवताच्या कुळातले नव्हे. हातपंख्यासारखी एकमेकींत बसलेली त्याची पात चुरगळून पाहिलीत, तर वासावरूनच ओळख पटेल. (गुटीसाठी मात्र हा गड्डा कृपया वापरू नये.)

गड्डे अजून टाकले नसतील, तर अंगठ्याने दाबून पाहावेत. टणक लागल्यास सडकी पाती कापून ते चिकणमातीच्या कुंडीत आडवे लावावेत, मातीवर जेमतेम बोटभर पाणी ठेवावे आणि कुंडी सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा जागी ठेवावी. मऊ झाले असल्यास रोपांचे पूर्ण पैसे परत मिळतील, किंवा त्याऐवजी व्हॅलिसनेरिया नेता येईल. तिची रिबिनीसारखी पाती खरोखरच पाण्याखाली वाढतात, फक्त लावताना तिचा बुंधा वाळूत गाडू नये.

ट्रेवरची पाटी आज बदलली आहे. येताना पावती नसली तरी चालेल.

आपला,
नर्सरीचालक