पुढची सीट जिभाऊंची

आमच्या अख्ख्या भावकीत गाडी लागणारा मी एकटा. त्यामुळे सहल ठरली की सामानाच्या यादीत ताडपत्री, पाण्याचा जार, भरताची वांगी आणि त्याच दमात ‘याच्यासाठी पिशव्या’ असा माझा उल्लेख होतो.

उपाय सुचवायला मात्र सगळे पुढे. मामी लिंबू हुंगायला लावते, फुई म्हणजे आत्या आवळासुपारी देते, एक आप्पा वर्तमानपत्रावर बस म्हणतात. बसलो. पेपर चुरगळला, बाकी फरक शून्य. आल्याचा तुकडा मात्र थोडंफार काम करतो, त्याला माझी ना नाही. सगळ्यात जालीम उपाय जिभाऊंचा. “रिकामा पोटे गाडी लागस भो, दाबीसन जेवी ले!” म्हणून शहाद्यात सकाळी सकाळी शेवभाजी, वर बोटभर तर्री. उपाशी निघू नये हे खरंच. पण त्यासाठी कोरडी पोळी किंवा दोन बिस्किटं पुरतात हो.

मुळात गाडी लागते का? दोन्ही कानांच्या आत तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव हलला की मेंदूला कळतं, आपण वळलो. डोळे मात्र मोबाइलला चिकटलेले. ते सांगतात, कुठे काय, आपण तर जागच्या जागी आहोत. साक्षीदारांच्या जबान्या अशा फिरल्या की शिक्षा होते बिचाऱ्या पोटाला. गाडी चालवणाऱ्याला सहसा हा त्रास नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून पुढे बसावं, लांब क्षितिजाकडे बघावं, वाचू नये, काच उघडी ठेवावी.

पण पुढची सीट जिभाऊंची. त्यांचे गुडघे धरतात. त्यांना जन्मात कधी गाडी लागलेली नाही आणि समोरचं क्षितिज ते घोरत घोरत बघतात. मी मागे आडव्या सीटवर, गाडीच्या चालीला काटकोनात. समोर फुई, मांडीवर भरताचा डबा. झाकण घट्ट, तरी हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात आपापल्या नावाने ओळख देत होती.

पपईचे मळे संपेपर्यंत मी माणसात होतो. आम्ही निघालेलो ते सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण तोरणमाळ साधारण 1,150 मीटर उंचावर, आणि ही उंची सातपायरी घाट वळणावळणाने वसूल करतो. आधी जांभया. मग कपाळावर गार घाम. मग तोंडाला पाणी सुटतं, आणि ते भुकेचं नसतं. नेमकी तेव्हाच फुई विचारते, “काय व्हयनं रे?” आता तोंड उघडणं कुणाच्याच हिताचं नसतं.

गोळी असते की. डॉक्टरांना विचारून, निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. आमच्याकडे ती दोन पिशव्या भरल्यावर कुणाच्या तरी पर्सच्या तळातून निघते. पोटात टिकली तर झोप आणते. यशवंत तलावाच्या काठी मंडळी कळण्याच्या भाकरीवर भरीत वाढून घेत होती आणि मी ताडपत्रीवर आडवा.

उतरताना हिय्या करून पुढची सीट मागितली. जिभाऊंनी माझ्याकडे खालून वर पाहिलं.

“आते तुना पोटमा काहीच नही. मंग पुढे कसाले बसस?”