शिट्टी वाजली नाही म्हणजे रेफरीला दिसलं नाही, असं नसतं

देशांतर्गत रग्बीचा हंगाम रंगात आला की एक मजकूर फिरायला लागतो, यंदाही फिरतो आहे. सार असं: देशांतर्गत सामन्यांतल्या पंचगिरीचा दर्जा रसातळाला गेला आहे. रेफरीगणिक नियम बदलतात, डोळ्यांदेखत झालेले फॉरवर्ड पास (हाताने पुढे टाकलेला चेंडू, जो रग्बीत चालत नाही) रेफरीच्या नजरेतून सुटतात, स्क्रममध्ये (दोन्ही संघांची चेंडूसाठी खांद्याला खांदा भिडवून होणारी ढकलाढकली) नुसते अंदाज चालतात, 'विकले गेलेले' रेफरी यजमान संघाला झुकतं माप देतात. टीएमओ (चित्रफीत बघून निर्णय तपासणारा अधिकारी) लावा, माजी खेळाडूंच्या हाती शिट्टी द्या, सगळं सुरळीत होईल. पूर्वी असं नव्हतं. आणि शेवटी अर्थातच, 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला सगळं पटलं नाही, म्हणून पुढे न पाठवता उत्तर लिहितो आहे. खालच्या गटांतल्या सामन्यांत काही वर्षं मी शिट्टी घेऊन धावलो आहे, तेव्हा मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो.

'रेफरीगणिक नियम बदलतात' हा या मजकुराचा मुख्य आरोप. त्यासाठी एक टॅकल जवळून बघू. चेंडू घेऊन धावणारा खाली पडला. ज्याने पाडलं त्याने त्याला लगेच सोडायचं आणि बाजूला लोळायचं. पडलेल्याने चेंडू सोडायचा. चेंडू हिसकायला आलेल्याने स्वतःच्या पायांवर उभं राहायचं, आणि यायचं ते आपल्या बाजूने, सरळ. मदतीला धावलेल्यांनी अंग टाकून द्यायचं नाही. तोवर रक (जमिनीवरच्या चेंडूवर उभ्याने भिडलेल्या खेळाडूंचा घोळका) झालेला असतो, म्हणजे दोन्ही संघांच्या बाकी खेळाडूंनी आपापल्या शेवटच्या पायामागे थांबायचं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं आणि एकटा माणूस ते बघत असतो. वरच्या दर्जाच्या सामन्यात असे प्रसंग दीडशेच्या पुढे जातात. प्रत्येकात कुणाचं तरी कोपर टेकलेलं असतं, कुणीतरी अर्धं पाऊल पुढे असतं. पुस्तकात लिहिलंय तसं प्रत्येक वेळी फुंकलं तर ८० मिनिटांत लोकांना फक्त शिट्टी ऐकू येईल.

म्हणून कुठलाही बरा रेफरी मनात एकच प्रश्न विचारतो: याने काही बिघडलं का? टॅकल करणारा चुकीच्या बाजूला पडून राहिला, पण स्क्रमहाफने (घोळक्यातून चेंडू काढून पास देणारा खेळाडू) त्याच्यावरून हात घालून चेंडू उचलला आणि झटक्यात पास दिला, तर खेळ चालू. पाच मिनिटांनी तोच खेळाडू तसाच पडून राहिला. या वेळी स्क्रमहाफचा हात त्याच्या पाठीशी अडला, अर्धा सेकंद गेला आणि तेवढ्यात समोरची बचावफळी जागेवर आली, तर पेनल्टी. स्टँडमधून दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात. 'मघाशी नाही दिलं, आत्ता कसं दिलं?' ही आरोळी इथूनच उठते.

त्यात रेफरी अखंड बोलत असतो. 'रोल, सात, रोल!' 'हात काढ, निळा सहा!' खेळाडूने ऐकलं तर गुन्हा होण्याआधीच मिटतो. प्रेक्षकाला यातलं काही ऐकू येत नाही, त्याला फक्त न वाजलेली शिट्टी दिसते. अॅडव्हांटेजचंही तेच. चूक झाली, पण चेंडू समोरच्याच्या हाती लागला आणि तो वीस मीटर पुढे गेला, तर मागे आणून स्क्रम देण्यात काय हशील? किती अॅडव्हांटेज पुरेसा, हे ठरवण्याचा अधिकार नियमानेच एकट्या रेफरीला दिला आहे. म्हणजे रेफरीगणिक फरक पडणार हे नियम लिहिणाऱ्यांनीच गृहीत धरलं होतं. एक मात्र मान्य: एकाच सामन्यात पाचव्या मिनिटाला एक माप आणि पंचाहत्तराव्याला दुसरं, असं होता कामा नये. दमलेल्या रेफरीकडून ते होतं. माझ्याकडूनही झालं आहे.

आता फॉरवर्ड पास. फिरणाऱ्या मजकुरासोबत बहुधा एक चित्रफीत असते: पास सुटला तेव्हा चेंडू एका रेषेवर, झेलला तेव्हा तीन-चार मीटर पुढे, वर लाल बाण काढलेला. बाण बरोबर आहे, निष्कर्ष चूक. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणाऱ्याने चेंडू अगदी सरळ बाजूला टाकला आणि तो अर्धा सेकंद हवेत राहिला, तरी जमिनीच्या हिशेबाने चेंडू सुमारे ४ मीटर पुढे जातो. धावणाऱ्याचा वेग चेंडूत असतोच ना! म्हणून नियम पास देणाऱ्याचे हात प्रतिस्पर्ध्यांच्या डेड-बॉल लाइनकडे (मैदानाच्या टोकाच्या रेषेकडे) गेले का, हे बघायला सांगतो. चेंडू कुठे पडला, याला महत्त्व नाही. मैदानावरच्या रेषांशी तुलना करून फॉरवर्ड पास पकडणाऱ्यांनी धावत्या गाडीत चेंडू वर उडवून बघावा.

खरोखर सुटलेले फॉरवर्ड पास असतात, नाही कसं म्हणू? ६ ऑक्टोबर २००७ ला कार्डिफमध्ये विश्वचषकाच्या उपउपांत्य सामन्यात फ्रान्सने न्यूझीलंडला २०-१८ असं हरवलं, आणि फ्रान्सच्या निर्णायक ट्रायच्या (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं) आधीचा पास पुढे गेला होता. रेफरी वेन बार्न्स तेव्हा २८ वर्षांचे होते. न्यूझीलंडमध्ये त्यांचं नाव किती वर्षं शिवीसारखं घेतलं गेलं! तेच बार्न्स पुढे २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे रेफरी झाले. एका सुटलेल्या पासवरून रेफरीचा दर्जा ठरत असता, तर ते तिथवर पोचलेच नसते.

स्क्रमबाबतचा आरोप अर्धा खरा आहे. आठ विरुद्ध आठ एकमेकांना भिडलेले असतात आणि रेफरी एका बाजूला उभा असतो. त्याच्याकडचा प्रॉप (पुढच्या फळीतला कडेचा खेळाडू) कोपर खाली खेचतोय का, आत वळून ढकलतोय का, हे त्याला दिसतं. पलीकडच्या प्रॉपचं काय चाललंय ते सोळा माणसांच्या आड असतं. स्क्रम कोसळला की कोणी पाडला हे सांगायला पलीकडे प्रशिक्षित असिस्टंट रेफरी हवा. वरच्या सामन्यांत तो असतो. देशांतर्गत रग्बीच्या खालच्या पायऱ्यांवर टचलाइनला झेंडा घेऊन उभा असतो तो बहुतेकदा क्लबनेच पाठवलेला टच जज. त्याचं काम चेंडू बाहेर गेला का आणि किक खांबांमधून गेली का, एवढंच. स्क्रमबद्दल त्याने सांगितलंच, तरी त्याच्या अंगावरची जर्सी बघून आपण कितपत ऐकणार? तेव्हा हो, तिथे अंदाज चालतो. पण हा दोष एका माणसाला दोन्ही बाजू एकदम बघायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

यजमानांना झुकतं माप मिळतं, हा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. २००२ मध्ये फुटबॉलच्या ४० रेफरींना एका सामन्यातले ४७ टॅकल दाखवले गेले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. रग्बीचे रेफरी वेगळ्या मातीचे असतील असं मानायला कारण नाही. टचलाइनवरून दोनशे गळे एका सुरात 'ऑफसाइड!' म्हणून ओरडले की हात शिट्टीकडे जातो, हे मी स्वतःवर अनुभवलं आहे. मजकुराशी माझं भांडण 'विकले गेलेले' या शब्दावर आहे. आवाजाचा परिणाम होण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. आणि गंमत बघा, घरच्या मैदानावर सर्वात मोठ्याने ओरडणारेच पाहुणे म्हणून गेल्यावर हा मजकूर पुढे पाठवतात.

टीएमओने सगळं सुटेल म्हणणाऱ्यांनी २०२३ चा अंतिम सामना पुन्हा बघावा. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. कॅमेऱ्यांची कमतरता नव्हती. न्यूझीलंडच्या सॅम केनचं यलो कार्ड मैदानाबाहेर पडद्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्याने तपासलं आणि लाल केलं. अॅरन स्मिथ या त्यांच्याच खेळाडूचा ट्राय लाइनआउटमधल्या (बाहेर गेलेला चेंडू परत आत फेकतात त्या वेळच्या) नॉक-ऑनवरून (हातातून पुढे पडलेला चेंडू) रद्द झाला. नॉक-ऑन झालाच होता, पण टीएमओने त्यासाठी दोन फेजच्या (फेज म्हणजे एका रकपासून पुढच्या रकपर्यंतचा खेळ) मर्यादेपेक्षा मागे जायला नको होतं. म्हणजे निर्णय वस्तुस्थितीला धरून, कार्यपद्धतीला सोडून! वाद मिटला का? चांगलाच पेटला. शिवाय २०१६ चा एक मानसशास्त्रीय अभ्यास सांगतो की तीच कृती संथ गतीत दाखवली की बघणाऱ्याला ती जास्त हेतुपुरस्सर वाटते. कार्डं हेतूवरून ठरायला लागली की हा फरक जीवघेणा ठरतो. आणि देशांतर्गत बहुतेक सामन्यांत कॅमेरा असलाच तर एक, मध्यरेषेवर तिपाईवर उभा, हौशी मुलाने सांभाळलेला. रकच्या पलीकडचा हात त्यात कधीच सापडत नाही.

माजी खेळाडूंचं थोडक्यात: ते आहेतच. २००७ च्या अंतिम सामन्याचे रेफरी अॅलन रोलँड आयर्लंडकडून खेळलेले, कार्ल डिक्सन आणि ग्लेन जॅक्सन व्यावसायिक क्लब रग्बीतून आलेले. उलट २०१५ चा अंतिम सामना नायजेल ओवेन्स यांनी सांभाळला, ते व्यावसायिक खेळाडू कधीच नव्हते. दोन्ही वाटांनी चांगले रेफरी येतात. आणि २०११ च्या उपांत्य सामन्यात वेल्सच्या कर्णधाराला लाल कार्ड दाखवलं म्हणून रोलँड यांना जे ऐकावं लागलं, त्यात ते खेळाडू होते याची कुणाला आठवण झाल्याचं दिसलं नाही.

'पूर्वी असं नव्हतं' हे वाक्य वाचून मला हसू आलं. १८८४ च्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात एका स्कॉटिश खेळाडूने चेंडू हाताने मागे ढकलला आणि त्यातून इंग्लंडने ट्राय केला. स्कॉटलंड म्हणालं, असा चेंडू ढकलणं नियमबाह्य, खेळ थांबायला हवा होता. इंग्लंड म्हणालं, चूक तुमची, तिचा फायदा तुम्हालाच कसा? वाद इतका चिघळला की पुढच्या वर्षी दोघांमधला सामनाच झाला नाही, आणि १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालं त्यामागे हेच भांडण होतं. आजच्या अॅडव्हांटेजच्या वादाचं हे पणजोबा.

ज्याचा या मजकुरात उल्लेखच नाही, ते म्हणजे रेफरी टिकत नाहीत. २०२३ च्या अंतिम सामन्यानंतर बार्न्स निवृत्त झाले आणि कुटुंबाला आलेल्या धमक्यांबद्दल उघडपणे बोलले. त्याच सामन्यातले टीएमओ टॉम फोली आंतरराष्ट्रीय रग्बीपासून दूर झाले. ही नावाजलेली माणसं. खालच्या गटात विशीतली मुलं-मुली शिट्टी घेतात. दोन हंगाम टचलाइनवरच्या पालकांच्या शिव्या खातात आणि मग रविवारी झोपा काढणं पसंत करतात. त्यांच्या जागी त्यांच्याहून कच्चा कोणी तरी उभा राहतो आणि लोक म्हणतात, दर्जा घसरला.

रेफरीच मिळाला नाही तर काय करायचं, याचीही सोय नियम क्रमांक ६ मध्ये आहे. दोन्ही संघांनी मिळून एकाचं नाव ठरवावं. एकमत झालं नाही, तर यजमान संघाने रेफरी नेमावा.