पाहुण्याला सोलापूर दाखवताय?

पाहुणा मे महिन्यात आला तर फार उत्तम. पहाटे त्याला अजिबात उठवू नका; 'दमून आलेत, झोपू दे' म्हणायचं. मग चहा, पोहे, पुन्हा चहा. नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी आलं तर आणखी दीड तास. साडेअकराला गाडी काढा. सोलापूर खरं खुलतं ते बेचाळीस अंशांतच.

गेल्या रविवारी माझ्या मामेभावानं हे सगळं रीतसर करून दाखवलं. ठाण्याहून त्याचे साडू आले होते, गळ्यात दुर्बीण अडकवून. गाडी मामेभावाची, त्यामुळे अक्कलही त्याचीच.

भुईकोट किल्ला गाडीतूनच दाखवा. तट दिसला ना? झालं.

सिद्धेश्वरांच्या तळ्याकाठी माशांना चुरमुरे टाका. मग पिशवीही टाका.

चादरीच्या दुकानात मात्र घाई नको. 'घरात सहा आहेत हो' असं पाहुणा काकुळतीला येऊन म्हणाला तरी सातवी उलगडायला लावायचीच. आमच्याकडे दोन तास यात गेले.

हत्तरसंग कुडलला नेऊ नका. भीमा-सीनेचा संगम, ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग, शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख. एवढंच तर आहे तिथं. त्या लेखात म्हणे लिहिलंय, जो हे वाचेल तो विजयी होईल. आपल्याला कुठं काय जिंकायचंय?

आता नान्नज. बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटर. १९७९ सालापासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, म्हणून पाहुणा हट्ट धरणारच. पोचल्याबरोबर काच खाली करून जाहीर करा, 'काय नाय बे इथं, नुसता माळ हाय.' गाण्याचा आवाज वाढवा. बाभळीच्या सावलीला काळविटांचा कळप दिसेल, त्यांच्याकडे बघून हॉर्न द्या. ती पळाली पाहिजेत, नाहीतर व्हिडिओत मजा काय? पळाली की गाडी रस्त्यावरून खाली घाला आणि गवतातून त्यांच्या मागं लागा. साडू 'अहो, थांबवा, थांबवा' म्हणत होते. मामेभावाला वाटलं, पाहुणे खूश झाले! त्यानं आणखी जोर केला. एक माजावर आलेला नर असता तर निदान तो तरी थांबून बघता; पण होत्या साऱ्या माद्या आणि पाडसं. भर दुपारी, त्या उन्हात, जीव मुठीत घेऊन पळत होती. आणि गवतात टिटवी ओरडत गाडीवर झेपावत होती. टिटवी अंडी जमिनीवर घालते. खड्यांसारखी दिसतात, बसल्या जागेवरून माणसालाही दिसत नाहीत, चाकाला काय दिसणार? माळढोकही जमिनीवरच अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच. एक! आधीच तो विजेच्या तारांना धडकून मरतो, कारण देह जड आणि समोरचं नीट दिसत नाही. त्यातून जे उरलंय त्याच्यावरून आपण टायर फिरवायचे?

सल्ले-बिल्ले पुरे झाले आता.

नुसता माळ म्हणे. अरे, गवत म्हणजे पडीक जमीन नव्हे. झाड नाही म्हणून जंगल नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? लांडगा त्याच माळावर राहतो, चंडोल तिथंच गातो. तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही इंजिन बंद करत नाही आणि तोंडही. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. त्याचा पाठलाग करणं हा गुन्हा आहे, पाहुणचार नव्हे. चाळीस वर्षं या गावात काढलीत आणि मुंबईचा माणूस आला की 'आमच्याकडं बघण्यासारखं काय नाय' म्हणून हसता. लाज वाटायला हवी ती माळाची नाही, तुमची.

परत येताना साडू गाडीत एक शब्द बोलले नाहीत. उतरताना फक्त मला बाजूला घेऊन विचारलं, 'नान्नजला सकाळची पहिली एसटी किती वाजता असते हो?'