साहेब, तिकडं खोके कायले उचलून राहिले?

परवा सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरणं झालं, मग नेहमीच्या ठेल्यावर तर्री पोहे खाऊन राहिलो होतो, तर ऑफिसातला एक जुना मित्र सगळ्यांसमोर म्हणे, "काय बावा, इथं एसडीई होता, हाताखाली पंधरा माणसं होती, न् तिकडं जाऊन दुकानात खोके उचलतो म्हणे?" सगळे हसले, मी पण हसलो, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात, म्हणून लिहून राहिलो. लांब झालं तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी बीएसएनएलमध्ये एसडीई म्हणजे सब डिव्हिजनल इंजिनिअर होतो. तिथल्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, ३१ जानेवारी २०२० ला देशभरातले ७८ हजारांवर लोक एकाच दिवशी घरी बसले, त्यातला मी एक, वय ५३. मोठ्या भावानं २००४ मध्ये आमची अमेरिकेच्या ग्रीन कार्डची, म्हणजे तिथं कायमचं राहून काम करायच्या परवानगीची, फाइल टाकली होती, आम्ही तर विसरूनच गेलो होतो, नंबर लागला २०२२ च्या शेवटी. भावंडांच्या कॅटेगरीत भारतवाल्यांचं असंच असते. मग मी न् बायको दोघंही न्यूजर्सीला, एडिसनमध्ये, भावाकडं.

पहिले तीन महिने मजेत गेले. मग लक्षात आलं की पेन्शन रुपयात येते न् ती डॉलरच्या तेव्हाच्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या भावानं भागली की हातात उरते ते बोलायचं काम नाही. भाऊ काही बोलत नव्हता, देवमाणूस आहे, पण केस कापायचे पैसे पण त्यानं द्यायचे म्हणजे कसंतरीच वाटते ना. बायकोला माझ्याआधी काम लागलं, पाळणाघरात, ती सकाळी डबा घेऊन निघायची न् मी खिडकीतून बर्फ पाहत बसायचो.

मी रिझ्यूमे पाठवला चाळीसेक ठिकाणी. चार पानी. उत्तर एकाचंही नाही. शेवटी पुतण्यानं वाचला न् डोक्याला हात लावला, "काका, जन्मतारीख, वडिलांचं नाव, फोटो, हे कोणी मागितलं तुम्हाला?" तिथं हे काहीच लिहीत नाहीत. त्यानं चार पानांचं एक पान केलं, ते ठीक, पण 'सब डिव्हिजनल इंजिनिअर' पण उडवलं न् लिहिलं, टेलिफोन केबलचं काम, तीस वर्षं. खरं सांगतो, त्या रात्री जेवलो नाही मी.

पण त्याच ओळीनं काम लागलं. हार्डवेअरच्या दुकानात मॅनेजर बाई, माझ्या पोरीच्या वयाची, इलेक्ट्रिकल सेक्शनसाठी माणूस पाहून राहिली होती. कोपऱ्यात केबलचं एक रीळ पडलं होतं, टोक सोललेलं, पंचवीस पेअरचं, म्हणजे तारांच्या पंचवीस जोड्यांचं. मी सहज वाकून तारा वेगळ्या करायला लागलो, ब्ल्यू, ऑरेंज, ग्रीन, ब्राऊन, स्लेट. तोच क्रम! नागपूरच्या खड्ड्यांत पावसात छत्री धरून ज्या क्रमानं जॉइंट मारले तोच क्रम एडिसनच्या दुकानात. बाई म्हणे, सोमवारपासून या.

आता खोक्यांबद्दल. हो, उचलतो. सिमेंटच्या फरशीवर पाच-पाच तास उभं राहून पहिल्या महिन्यात टाचा सुजल्या होत्या, ते पण खरं. पण हिशोब पाहा. तिथल्या सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी, पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, ते कमाईवर मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ४, म्हणजे दहा वर्षं. दोन्ही देशांतली नोकरी एकत्र धरायचा भारताचा अमेरिकेशी करार नाही, त्यामुळे इथली तीस वर्षं तिथं शून्य. २०२५ मध्ये एका क्रेडिटला १,८१० डॉलरची कमाई लागत होती, चारला ७,२४०. मला तासाला १७ डॉलर, आठवड्याला वीस तास, म्हणजे त्या हिशोबानं बावीस आठवड्यांत वर्षाचं काम फत्ते. ४० झाले की ६५ नंतर मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, हॉस्पिटलवाला भाग पण बिनहप्त्याचा. पार्ट टाइमवाल्याला दुकान इन्शुरन्स देत नाही, म्हणून याची किंमत मोठी. थंडीत दुकानाचा धंदा थंड असते, तेव्हा मी इथं, संत्री खायला. फक्त सहा महिन्यांच्या आत परत जायचं, नाहीतर सिटिझनशिपचा हिशोब बिघडते.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. हे सगळं ग्रीन कार्ड होतं म्हणून. पोरांकडं व्हिजिटर व्हिसावर गेलेले काही आईबाप ओळखीच्या किराणा दुकानात कॅशमध्ये काम धरतात, "कोण पाहते?" म्हणत. नका करू बाप्पा. त्या व्हिसावर काम चालतच नाही, पकडले गेले तर पुढचा व्हिसा पण जाते. कॅनडाचा आईबापांसाठी सुपर व्हिसा असते, त्याचं पण तेच, राहा खुशाल पाच वर्षं, पण वर्क परमिटशिवाय काम नाही.

न् ज्या मित्रानं पोह्यांच्या ठेल्यावर माझी खेचली, त्याचा काल रात्री साडेदहाला फोन. हळू आवाजात. त्याच्या साळ्यानं २०११ मध्ये फाइल टाकली आहे म्हणे, तर तुझा तो एका पानाचा रिझ्यूमे मला पाठवतो का? म्हटलं, पाठवतो ना बे, पण नंबर लागेपर्यंत जपून ठेव.