बॅक्टेरिया खराब म्हणून स्टॅटिन बंद? थांबा जरा

चौथ्यांदा आला तो मेसेज. म्हणे कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, लागू पडणार की नाही हे आतड्यातले बॅक्टेरियाच ठरवतात, ज्यांचे बॅक्टेरिया खराब त्यांना स्टॅटिनचा उपयोग शून्य, अँटिबायोटिक घेतलं की गोळी निकामी, म्हणून गोळी सोडा आणि तीन महिने प्रोबायोटिक (म्हणजे चांगले बॅक्टेरिया असलेलं सप्लिमेंट) घ्या.

संबंध आहे, ते नाकारत नाहीये. 2011 मध्ये सिमवास्टॅटिन या स्टॅटिनवरच्या एका अभ्यासात दिसलं होतं की बॅक्टेरियांनी तयार केलेली पित्तातली काही बाइल अ‍ॅसिड्स रक्तात किती आहेत त्यावरून एलडीएल, म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉल, किती उतरेल याचा थोडाफार अंदाज येतो. पण अंदाज येणं वेगळं आणि "तेच ठरवतात" वेगळं ना! स्टॅटिनचं मुख्य काम लिव्हरमध्ये, तिथे कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवलं की लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं, आणि त्यात डोस किती, जीन्स कसे, गोळी रोज घेता की आठवेल तेव्हा, हे सगळं आलंच.

"खराब बॅक्टेरिया म्हणजे उपयोग शून्य" हे तर चक्क उलटं आहे. 2022 मध्ये 1,800 पेक्षा जास्त लोकांचा डेटा तपासला गेला, त्यात ज्यांच्या आतड्यात बॅक्टेरॉइड्स जातीचा भरणा आणि विविधता कमी, म्हणजे मेसेजवाले ज्याला खराब म्हणतील तेच, त्यांच्यात स्टॅटिनचा परिणाम जास्त दिसला. हां, त्यांच्यातच स्टॅटिनसोबत इन्शुलिन रेझिस्टन्सही (शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही तो प्रकार) जास्त होता. म्हणजे खरा प्रश्न साइड इफेक्टचा आहे, पण तो कोणी फॉरवर्ड करत नाही.

प्रोबायोटिकने एलडीएल उतरलं तरी थोडंच. मध्यम डोसचं स्टॅटिन 30 ते 49 टक्के उतरवतं, आणि एलडीएल साधारण 39 mg/dL ने कमी झालं की हार्ट अटॅक-स्ट्रोकचा धोका जवळपास एक पंचमांश घटतो. (आणि प्रोबायोटिक "नैसर्गिक" असतं म्हणाल तर पहिलं स्टॅटिनही जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडोंना बुरशीतच सापडलं होतं.)

राहिलं अँटिबायोटिक. उंदरांमध्ये अँटिबायोटिकने सिमवास्टॅटिनचा परिणाम कमी झालेला दिसलाय, बरोबर. पण माणसात क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसोबत सिमवास्टॅटिन चालू ठेवलं तर गोळी निकामी वगैरे होत नाही, उलट तिचं रक्तातलं प्रमाण भलतंच वाढतं, कारण ते अँटिबायोटिक ती गोळी मोडणारं एन्झाइमच बंद पाडतं, आणि मग स्नायूंना इजा होऊ शकते. म्हणून ही दोन औषधं एकत्र देत नाहीत.