यंत्राला विचारलं की खरं कळतं?

सध्या एक संदेश गटागटांतून फिरतोय: ‘दारू, लैंगिक संबंध, नवऱ्याची मारहाण याबद्दल माणसासमोर कोणी खरं बोलत नाही. प्रश्न मोबाइलवर टाका, सगळं बाहेर येईल. तोवर आरोग्य सर्वेक्षणांचे आकडे कचऱ्यात टाका.’ मी काही वर्षं वस्त्यांमध्ये प्रश्नावली घेऊन फिरले आहे. तिन्ही वाक्यं मला खटकतात.

‘माणसासमोर कोणी खरं बोलत नाही.’ बोलतात. आजूबाजूला कोण ऐकतंय, यावर बरंच ठरतं. मी नवीन असताना एका दहा बाय दहाच्या खोलीत पोळ्या लाटणाऱ्या बाईला मारहाणीचा प्रश्न विचारला. सासू उंबऱ्यात भाजी निवडत बसली होती. उत्तर आलं, ‘नाही हो, आमचे ते तसले नाहीत.’ चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी नळावर एकटी भेटली तेव्हा तिनेच विषय काढला. ‘ताई, काल तुम्ही ते विचारलंत ना...’ म्हणत बांगड्या वर सारून मनगट दाखवलं. विचारणारी मीच होते, प्रश्नही तोच.

आफ्रिकेतल्या मलावी देशात खेड्यांमध्ये झालेल्या एका अभ्यासात काही अविवाहित मुलींना माणसाने समोर बसून प्रश्न विचारले, काहींनी संगणकावर उत्तरं दिली. त्यांनी ‘कधी संबंध आला का’ याला समोरासमोर जास्त होकार दिला, पण एकाहून अधिक जोडीदारांची कबुली संगणकावर जास्त आली. एकाच विषयातल्या दोन प्रश्नांची ही गत.

‘मोबाइलवर टाका, सगळं बाहेर येईल.’ हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर उत्तर देण्याच्या पद्धतीचा फायदा होतो, हे मान्य. अमेरिकेत १९९५ च्या पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलांपैकी पुरुषाशी लैंगिक संबंध आल्याचं कागदी प्रश्नावलीत १.५ टक्क्यांनी सांगितलं, संगणकावर ५.५ टक्क्यांनी. पण आपल्या पुण्यात हाच प्रयोग झाला (निष्कर्ष २००५ साली छापून आले), तेव्हा कॉलेजातल्या तरुणांनी संगणकावर जास्त कबूल केलं, वस्तीतल्या तरुणांमध्ये तसं सरसकट दिसलं नाही.

आणि झिम्बाब्वेतला अभ्यास तर फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. तिथे तपासणीत १९६ स्त्रियांच्या शरीरातून घेतलेल्या नमुन्यांत वीर्याची ताजी खूण सापडली. त्यांतल्या ९४ जणींनी सांगितलं होतं की दोन दिवसांत संबंध आला नाही, किंवा आला तो निरोध वापरूनच. संगणकावर उत्तरं देणाऱ्या आणि समोरासमोर बोलणाऱ्या, दोन्हींत चुकीच्या उत्तरांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. शिवाय आपल्याकडे अनेक घरांत मोबाइल एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. त्यावर बाई काय लिहिणार?

‘आकडे कचऱ्यात टाका.’ याचाच मला राग येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. २०१५-१६ मध्ये १८ ते ४९ वयाच्या विवाहित (आणि पूर्वी विवाहित) स्त्रियांपैकी ३१.२ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, २०१९-२१ मध्ये २९.३ टक्क्यांनी. लपवणाऱ्या दोन्ही वेळी असणारच, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच असावा. पण विचारण्याची रीत तीच राहिली म्हणून दोन फेऱ्या शेजारी ठेवता येतात. उद्या मध्येच सगळं मोबाइलवर नेलं आणि आकडा चाळीसवर गेला, तर मारहाण वाढली की कबुली वाढली, हे कोण सांगणार?